पेटीतले कागद आणि पुण्याची बहीण

«ताई, मी बडोद्याची, राहायला दांडिया बाजारात. आर्ट्स फॅकल्टीत एस.वाय.बी.ए.ला आहे, इतिहास मेजर. शाळा गुजराती माध्यमाची, घरी मराठी आणि फॅकल्टीत सगळं इंग्रजीत. वर्ग इतका मोठा की सरांना माझं नावही माहीत नसणार. माझी मावसबहीण पुण्यात एका खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजात आहे. तिला स्वतःचा मेंटॉर आहे. निबंध सुधारून द्यायला वेगळं केंद्र आहे, इंटर्नशिप कॉलेजच लावून देतं, एक सेमिस्टर परदेशात करता येतं. ती व्हिडिओ कॉलवर सांगते आणि मग मला रात्रभर झोप लागत नाही. माझं कॉलेज मला विचारतच नाही. बाबा म्हणतात, कर्ज काढू, तूही पुण्याला जा. तिथली एका वर्षाची फी म्हणजे आमच्या घरचा वर्षाचा खर्च. आई म्हणते, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षांना बस. मी काय करू?

ता. क. आमचं जुनं घर पडायला आलंय म्हणून आम्ही कारेलीबागेत भाड्याने जातोय. पणजोबांच्या पेटीत मोडीतले कागद निघाले. कुणालाच वाचता येत नाहीत. बाबा रद्दीत देऊ म्हणतात. मला उगाच वाईट वाटतंय.»

बाळ,

तुझं पत्र वाचून संपवलं आणि ताजा कलम पुन्हा वाचला. त्याच्याकडे शेवटी येते. रद्दीवाल्याला मात्र तोवर थांबव.

आधी कर्जाचं. माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण बाबा त्यात सहकर्जदार असतील. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं. शिवाय तू मध्यावर आहेस. तुझ्या अभ्यासाची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात हे खरं, पण ती किती धरायची आणि कोणत्या वर्षात बसवायचं हे नवं विद्यापीठ ठरवणार. तिथे पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं लागलं तर दीड वर्ष पाण्यात. असं कर्ज डोक्यावर घेऊन इतिहास शिकणारी मुलगी इतिहास शिकत नाही गं, नोकरीच्या जाहिराती वाचत बसते.

आता बहिणीच्या कॉलेजाबद्दल. त्याला नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. मेंटॉर, लेखन केंद्र, इंटर्नशिपची खिडकी या चांगल्याच गोष्टी आहेत आणि सगळ्याच विद्यापीठांत असायला हव्यात. पण त्या फीमध्ये ती नेमकं काय विकत घेते ते बघ. पुस्तकं तुझ्याकडेही आहेत, शिकवणारेही आहेत. ती विकत घेते तो एक माणूस, जो आठवड्याला तिला विचारतो की काय चाललंय. तुझ्याकडे हा माणूस नाही, एवढाच फरक. बाकीचं बहुतेक सगळं बडोद्यात आहे, फक्त सहा ठिकाणी विखुरलेलं आणि कुठेही पाटी न लावलेलं. ते गोळा करण्याची मेहनत तुझ्यावर पडते. हा अन्याय आहे हे मला मान्य आहे. पण त्यावर रुसून बसलीस तर नुकसान तुझंच.

माणसापासून सुरुवात कर. सरांना तुझं नाव माहीत नाही म्हणतेस. वर्गातल्या कितीजणी आजवर त्यांच्या केबिनपर्यंत गेल्या असतील? मी स्वतः तीन वर्षं मागच्या बाकावर काढली. कॉलेजचं नाव सांगत नाही. एका शिष्यवृत्तीचा फॉर्म नोटीस बोर्डावर लागून निघूनही गेला आणि मला पत्ताच नाही. खिडकीवर गेले तर कारकून म्हणाले, 'काल संपली तारीख.' कुणी सांगितलं नाही म्हणून मी महिनाभर चिडून होते. कुणाला विचारायचं असतं, हे तेव्हा मला सुचलंच नव्हतं.

जाशील तेव्हा 'सर, मला गाइड करा' असं म्हणू नकोस. या वाक्याला कुठल्याच शिक्षकाकडे उत्तर नसतं. ते 'हो, करत राहा' म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात. जाताना एक प्रश्न घेऊन जा, त्यांनीच शिकवलेल्यातला, आणि लहान. 'गायकवाडांच्या महसुलाबद्दल तुम्ही बोललात, त्यावर एकच वाचायचं तर काय वाचू?' ते नाव सांगतील. पंधरा दिवसांनी ते वाचून परत जा आणि जे कळलं नाही ते विचार. दुसऱ्या खेपेला त्यांना तुझं नाव माहीत असेल, कारण दुसऱ्या खेपेला येणारी मुलं फारच थोडी असतात. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा त्यांना तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी असेल. नाहीतर 'ही विद्यार्थिनी नियमित व सुस्वभावी आहे' एवढंच पत्र मिळतं, आणि त्याला कुणी विचारत नाही.

एका सरांकडून जमलं नाही तर दुसऱ्या मॅमकडे जा. काहींना खरंच वेळ नसतो, काहींना इच्छा नसते. मनाला लावून घेऊ नकोस.

इंग्रजीचं दुखणं मला कळतं. बडोद्यातल्या आपल्या कितीतरी मुलांचं हेच. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पेपरात इंग्रजी. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात एकही वाक्य ढिलं नाही. म्हणजे विचार मांडता येतो, अडतं ते फक्त त्या एका भाषेत. एक गोष्ट करून बघ. धड्यातला एक परिच्छेद वाच, पुस्तक मिट आणि तो मराठीत चार ओळींत लिही. मग त्या चार ओळी इंग्रजीत उतरव, मोडक्यातोडक्या चालतील. मग पुस्तक उघडून ताडून बघ. रोज वीस मिनिटं, सहा महिने. बहिणीच्या लेखन केंद्रात याहून वेगळी जादू होत नसते, तिथे फक्त समोर कुणीतरी बसलेलं असतं. तो समोरचा माणूस तूही उभा करू शकतेस. वर्गातल्या तिघी-चौघी जमवा आणि शुक्रवारी लेक्चर संपलं की एकमेकींची उत्तरं वाचा. वाचून झालं की सेव-उसळ खायला जा. खाण्याशिवाय बडोद्यात कुठलंही मंडळ टिकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

चौथ्या सेमिस्टरच्या तोंडावर आहेस म्हणून एक हिशेब आत्ताच समजून घे, कारण तो मुलांना बहुधा सहाव्या सेमिस्टरमध्ये कळतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, त्यात १२ क्रेडिटचा स्वतःचा प्रकल्प असतो. चार वर्षं केलेल्याला एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी.ची वाटही तिथूनच उघडते. तेव्हा पहिल्या तीन सेमिस्टरच्या मार्कशीट काढ, सरासरी काढ आणि ७५ ला किती कमी पडतात ते बघ. तुझ्या विभागात चौथं वर्ष कसं चालतं, गाइड कोण असतात, हे विभागप्रमुखांना आत्ताच विचार.

'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरून एखादा कोर्स करायचा असेल तर आधी विभागाची परवानगी घे, मग नाव नोंदव. नियमाप्रमाणे एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण कुठला कोर्स धरायचा हे विद्यापीठ ठरवतं. मुलं उलटं करतात. आधी कोर्स करून टाकतात आणि मग सर्टिफिकेट घेऊन ऑफिसच्या चकरा मारतात.

आता तुझ्या त्या 'माझ्या कॉलेजात काही नाही' या वाक्याकडे येते. या वाक्याचा मला खरंच राग आला, म्हणून इथे जरा लांबण लागेल.

तू ज्या घुमटाखालून रोज जातेस ते १८८१ चं बडोदा कॉलेज. अरविंद घोष तिथे इंग्रजी आणि फ्रेंच शिकवायचे. १९४९ मध्ये त्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, तेव्हा पहिल्या कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. तू ज्या हंसा मेहता लायब्ररीत पंख्याखालची जागा धरतेस, त्याच त्या. आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता, तेव्हा 'सगळे पुरुष' हे शब्द काढून 'सगळी माणसं' असं करायला लावणाऱ्याही त्याच. तुमच्या पुरातत्त्व विभागाने १९६० च्या दशकात देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणून काढला. चांपानेरही त्यांनीच खणलं, आणि २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. तो विभाग तुझ्या वर्गापासून किती पावलांवर आहे? इतिहास मेजर असून त्या दारातून एकदा तरी आत गेली आहेस का? फ्रेंच, जर्मन, रशियन शिकवणारे विभागही तुमच्याच फॅकल्टीत आहेत. तुझ्या बहिणीला परदेशी सेमिस्टरच्या आधी जी भाषा शिकावी लागेल, ती तू लेक्चर आटोपून शिकू शकतेस. ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, आणि वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली. एवढ्या कामाला किती वर्षं आणि किती हात लागले असतील, याचा विचार कर.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तर तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. तिथली जुनी मराठी पुस्तकं आता फारसं कुणी काढत नाही. तू काढ. तुझ्या वर्गात मराठी सहज वाचणाऱ्या किती असतील? फार तर चार-सहा. आणि बडोदा राज्याचा जुना कारभार, पत्रव्यवहार, हिशेब यांचा केवढा तरी भाग मराठीत आहे, त्यातही मोडीत. 'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई, इथेच सयाजीरावांच्या नोकरीत होते. गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत वाचू शकणारी इतिहासाची विद्यार्थिनी बडोद्यात जेवढी हवी आहे तेवढी पुण्यात नाही. ज्या गोष्टीची तुला वर्गात लाज वाटते, तेच तुझं भांडवल.

इंटर्नशिप कॉलेजने लावून दिली पाहिजे असं नाही. बडोद्यातच १९९६ मध्ये गणेश देवींनी भाषा संशोधन केंद्र सुरू केलं. तेही याच विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. तेजगढला त्यांची आदिवासी अकादमी आहे. सयाजी बागेतलं संग्रहालय आहे. अशा ठिकाणी एक पानाचं पत्र लिही. तू कोण, तुला कोणत्या तीन भाषा येतात, सुट्टीतले कोणते सहा आठवडे मोकळे आहेत आणि तू काय करायला तयार आहेस. यादी करणं, जुने फोटो लावणं, मुलाखती उतरवून घेणं, काहीही. पाच ठिकाणी लिहिलंस तर दोन ठिकाणांहून उत्तर येईल, त्यातलं एक नकाराचं असेल. पुरे झालं. विभागाकडून आधी विचारून ठेव की या कामाची क्रेडिट धरतील का आणि त्यासाठी कोणाच्या सहीचं पत्र लागेल.

पैशांबद्दल थोडक्यात. केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती, वर्षाला १२,००० रुपये, बारावीत बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना मिळते. पण अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो, म्हणजे तुझी हुकली. घरात किंवा शेजारी कुणी बारावीला असेल तर त्यांना आज सांग. डिजिटल गुजरात या राज्य सरकारच्या पोर्टलवर तुझ्या प्रवर्गासाठी काय आहे ते एकदा शांतपणे बघ. विद्यापीठाचीही काही बक्षिसं आणि देणगीदारांच्या शिष्यवृत्त्या असतात, त्यांच्या तारखा डीन ऑफिसमधूनच कळतात. तिथल्या खिडकीवरच्या काकांशी ओळख ठेव. हे काका म्हणजे तुझं अर्धं स्टुडंट सपोर्ट सेंटर.

नुसत्या पैशाने भागत नाही हे बडोद्याइतकं कोणत्या शहराला ठाऊक असणार? सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायला शिष्यवृत्ती दिली. १९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीला इथे आले, तर जातीपायी राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे त्याच सयाजी बागेत, बसून दिवस काढला. म्हणून सांगते, वर्गात एखादी बाहेरगावची मुलगी एकटी बसलेली दिसली तर तिला तुमच्या शुक्रवारच्या मंडळात घ्या. तुला कुणी विचारत नाही म्हणतेस ना? तिलाही कुणी विचारलेलं नसेल.

आईचं बँकेचं म्हणणं मोडीत काढू नकोस. पण तिला एक सांग, प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला पदवी लागते आणि वय २० ते ३० चालतं. म्हणजे आत्ता कॉलेज सोडून काहीच मिळत नाही. बी.ए. पूर्ण झाल्यावर ते दार उघडंच आहे, आणि तेव्हा वाटलं तर तू जरूर जा. हे ऐकून आई निम्मी शांत होईल, मला खात्री आहे.

आणि झोपेचं. बहिणीचे कॉल थोडे कमी कर, किंवा रात्रीऐवजी दुपारी कर. तिच्या कॉलेजातही फॉर्म हुकतात, मेंटॉर भेटत नाही आणि रूममेट भांडते, पण ते व्हिडिओ कॉलवर कुणी दाखवत नाही. तरीही पंधरा दिवस झोप नीट लागली नाही, छातीत धडधडलं, जेवण जाईना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. फुकट आहे आणि गुजरातीत बोलता येतं. फोन केला म्हणजे आपण वेडे, असं काही नसतं. आईला सांगून केलास तर आणखी चांगलं.

आता पेटी.

कागद रद्दीत जाणार नाहीत असं बाबांकडून कबूल करून घे. त्यात काय असेल ते मला इथून सांगता येणार नाही. जमिनीचा कागद असेल, सावकाराची चिठ्ठी असेल, कुणाच्या लग्नाचा खर्च असेल. काहीही असलं तरी इतिहासाच्या विद्यार्थिनीला स्वतःच्या घरात असा ऐवज सापडणं ही साधी गोष्ट नाही. मोडी शिकायला दोन-तीन महिने मन लावून बसलीस तर अक्षरं सुटतात, नंतर सरावाचा प्रश्न. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात, तारखा फोन करून विचार. मे महिन्यात भरले तर बहिणीकडे राहायला जा. पुण्याला जायचंच होतं ना, मग असं जा. तिला कंटाळा येईपर्यंत राहा आणि तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत एकदा डोकावून ये.

सोमवारी विभागात जाशील तेव्हा पहिला प्रश्न शोधत बसू नकोस, तो पेटीतच आहे. सगळ्यात स्वच्छ अक्षर असलेल्या एका कागदाचा फोटो काढ, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, आणि सरांना दाखव. मूळ कागद फॅकल्टीत नेऊ नकोस. घड्या जोर लावून उलगडू नकोस. पेटी नव्या घरी नेशील ती ट्रकमध्ये भांड्यांबरोबर न टाकता मांडीवर घेऊन जा. आणि शेजारचे झेरॉक्सवाले भाई म्हणतील, 'लॅमिनेशन करी आपुं, बेन', तर त्यांना हात जोडून नको म्हण.

— ताई